शेंदराखालचा गरुड

पिंप्राळ्याच्या सुनंदा, तुझा गुडघा आता काय म्हणतो? जिना उतरताना कठडा धरतेस ना, की अजून तरणीताठी असल्यासारखी धडाधड उतरतेस? पाचोऱ्याच्या भास्करा, मोतीबिंदू काढून महिना होऊन गेला. अक्षर स्वच्छ दिसू लागलं का? चोपड्याच्या कुसुम, तुझा रक्तदाब आणि तुझी लोणच्याची बरणी या दोघांचं पटत नाही हे तुला पन्नासदा सांगून झालं. बरणी जरा वरच्या फळीवर ठेव. आणि तुम्ही बाकीचे, नात्यागोत्याचे नसूनही इथे खाली दोन ओळी टाकून जाणारे, तुमच्या घरीही सगळे धडधाकट असोत. माझं विचाराल तर भूक लागते, झोप लागते, दोन वेळा अंगणात फेऱ्या होतात. उजवा हात तेवढा थरथरतो. त्या हाताचं शेवटी सांगतो.

मागच्या वेळी मी आमच्या घरच्या गरुडाचा फोटो टाकला होता. त्याच्या खांद्यावर विष्णू बसलेला आहे. तुमच्यापैकी तिघांनी एकच प्रश्न विचारला. आबा, उजवा पंख वेलबुट्टीचा आणि डावा असा साधा का? एका भल्या माणसाने तर लिहिलं, "मूर्ती नकली वाटते." बाबा रे, नकली नाही. त्या डाव्या पंखासाठी आम्ही तिघांनी सगळा खानदेश उभा-आडवा पालथा घातला आहे. आज तोच प्रवास सांगतो. म्हणजे कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर वाटही कळेल आणि शंकाही फिटेल.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमच्या जिल्ह्याला तेव्हा पूर्व खानदेश म्हणत आणि धुळ्याकडच्याला पश्चिम खानदेश. आमचं गाव तापीच्या पलीकडे, चोपड्याच्या बाजूला. आम्ही सुतार. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, माझा थोरला भाऊ पलटणीत गेला. लढाई संपली, पण पलटण घरी यायच्याऐवजी जावा बेटावर गेली, सुरबाया नावाच्या शहरात. तिथे छावणीच्या शेजारी बाली बेटाहून आलेला एक म्हातारा सुतार होता. लाकडाचे देव घडवायचा आणि रंगवायचा. भाऊने त्याच्या हातातली पटाशी पाहिली आणि मोकळा वेळ मिळाला की तिथे जाऊन बसू लागला. भाषा एकमेकांची शून्य. पण लाकडाची रेषा कुठल्या बाजूने जाते हे दोघांनाही कळत होतं. त्याच्या घरीही विष्णू, त्याच्या घरीही गरुड. फार पुढे भाऊ मला म्हणायचा, "समुद्र ओलांडून गेलो आणि आपल्याच देवाला भेटलो, नामा."

निघायच्या दिवशी त्या म्हाताऱ्याने दीड हात उंचीचा गरुड भाऊच्या हातात ठेवला. लाल, हिरवा, निळा, आणि कडांना सोनेरी. बाजारातल्या एका सिंधी कापडवाल्याने त्याचं बोलणं समजावून सांगितलं, "हा म्हणतो, रंग म्हणजे देवाचे कपडे. फिके पडले की तू तुझ्या हाताने भर. त्याला उघडा ठेवू नकोस." भाऊने मूर्ती कपाळाला लावली आणि हो म्हटलं.

पुढे चार दिवसांच्या रजेवर घरी आला तेव्हा घोंगडीत गुंडाळलेली मूर्ती मायच्या हातात दिली. "माय, देव शे. सांभाळ," एवढंच बोलला आणि परत पलटणीत गेला.

आता आमची माय. तिने घोंगडी उलगडली. बटबटीत डोळे, पुढे आलेलं तोंड, दात, आणि खांद्यावर कोणीतरी बसलेलं. राम-लक्ष्मणाला खांद्यावर कोण घेतं? मारुती! पंख कसे काय, असं शेजारणीने विचारलं तर मायचं उत्तर तयार, "पंख नही तं डोंगर कसा उचली लयना?" लोक करायला जातात गणपती आणि होतो मारुती, आमच्या मायने गरुडाचा मारुती केला. ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत त्याला बसवलं आणि दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर चढवला. शनिवारवर शनिवार गेले. दोन वर्षांनी भाऊ कायमचा घरी आला तेव्हा देवळीत एक गोलमटोल शेंदरी मारुती बसलेला होता. खांद्यावरचा विष्णू शेंदरात बुडून नुसता उंचवटा उरला होता, आणि जाडजूड झालेल्या पंखांना माय आता मारुतीचे हात म्हणायची. अर्धं गाव शनिवारी नारळ फोडायला यायचं.

खरा देव कोणता हे भाऊने कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. सात वर्षं तो त्याच देवळीसमोरून कामाला जात-येत होता.

मग एका हिवाळ्यात, शनिवारीच, माय आरती करत असताना डावा पंख कडकन निखळला आणि खाली नैवेद्याच्या ताटात पडला. बातमी गावभर. आमच्या गावात लोटनआबांचा शब्द चालायचा. ते आले, त्यांनी पाहिलं, आणि टोपी सरळ करत म्हणाले, "वहिनी, खंडित देव घरमा ठेवू नही. पुनवेले तापीमा सोडा."

पुनव बारा दिवसांवर होती. माय त्या दिवसापासून जेवणावरून उठायची ती अर्ध्या भाकरीवरच. "मनाच हातथीन काही चुकनं," एवढंच पुटपुटायची. आणि त्याच आठवड्यात कारखान्यात, म्हणजे आमच्या गाड्या बनवायच्या छपरात, भाऊने रंधा बाजूला ठेवला आणि जावा बेटाची सगळी गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली. शेवटी म्हणाला, "मी शब्द दिला होता, नामा. त्या म्हाताऱ्याचा देव मी शेंदरात बुडवला, आता पाण्यातही बुडवू?"

बैलबाजारात भेटलेल्या एका माणसाकडून आम्ही ऐकलं होतं की धुळ्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे डोंगरात एक म्हातारा भोवाड्याचे मुखवटे करतो. भोवाडा म्हणजे तिकडचा उत्सव. देवांची सोंगं घेऊन, लाकडाचे रंगीत मुखवटे तोंडाला बांधून लोक नाचतात. भाऊ लोटनआबांकडे गेला आणि म्हणाला, पुनवेच्या आत परत आणतो. दुरुस्त झाला तर देवळीत ठेवू, नाहीतर मी स्वतः तापीत सोडीन. लोटनआबा म्हणाले, "पुनव म्हणजे पुनव."

मायला आम्ही एवढंच सांगितलं की मारुतीचा हात बसवायला नेतो. "मंग मीबी येस," माय म्हणाली. तिला नको कोण म्हणणार?

पहाटे निघालो. घरच्या कापसाची मऊ गादी टोपलीत घातली, तिच्यात मूर्ती, वरून पुन्हा कापूस, आणि तुटलेला पंख वेगळा फडक्यात. बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, भरीत आणि केळीचा एक अख्खा घड. आमच्या गावाजवळ तापीला पूल नव्हता. नावेने पार झालो आणि पुढे एसटीने जळगाव गाठलं. खरं तर जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला सरळ मोटार जायची, आजही तोच रस्ता आहे आणि आता तर तो गुळगुळीत आहे. पण त्या वेळच्या खड्ड्यांत देवाचा दुसराही पंख जाईल म्हणून मायने हट्ट धरला, आगगाडीच हवी. म्हणून जळगाव ते चाळीसगाव आणि तिथून फाट्याच्या गाडीने धुळे. वेळ जवळजवळ दुप्पट, पण देव एकदाही हलला नाही. तिघांचं तिकीट मिळून पाच रुपयांच्या आत होतं.

पाचोऱ्याला एक बाई बोरांची पाटी घेऊन डब्यात चढली. मायच्या मांडीवरची टोपली पाहून तिला राहवेना.

"कोनता देव शे, माय?"

"मारुती."

"मंग टोपलीमा कसाले?"

"हात मोडना त्याना. बसाडाले लई चालनू."

"आवं माय! मारुतीनाबी हात मोडस का? त्यानी तं लंका जाळी!"

"लंका जाळतांना नही मोडना, मना घरमा मोडना," माय म्हणाली. "हाईच तं रडनं शे."

डबा हसला. त्या बाईने मूठभर बोरं टोपलीवर वाहिली आणि हात जोडले. भाऊ खिडकीबाहेर पाहत होता. मी मनात म्हटलं, आता सांगेल, आता सांगेल. चाळीसगाव आलं, गाडी बदलली, धुळे आलं, तरी टोपलीत मारुतीच होता.

धुळ्यात जकातनाक्यावर एक मजा झाली. नाकेदाराने टोपलीतला कापूस पाहिला. "कापूस किती?"

"कापूस नाही, देव आहे," मी म्हटलं.

"देवावर जकात नाही, पण हा जो दिसतोय तो कापूसच आहे."

मायने कापूस बाजूला केला. शेंदरी तोंड आणि त्यातून रोखलेले डोळे पाहून नाकेदार खुर्चीवरून उठला, पायातल्या वहाणा काढल्या आणि म्हणाला, "जा, जा. झाका लवकर. थंडी आहे."

रात्र धर्मशाळेत काढली आणि सकाळी साक्रीची मोटार धरली. साक्रीच्या पुढे जमीन बदलते. आमच्याकडची काळी सपाट रानं संपतात, टेकड्या जवळ येतात, हवेत गारवा लागतो. पिंपळनेरला उतरून एका बैलगाडीवाल्याच्या मागे बसलो आणि दुपार कलायच्या आत वाडीवर पोचलो. आता तिकडे जाल तर पिंपळनेरपर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथे नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ मागून खा. माय आयुष्यभर ज्वारीच्या भाकरीवर जगलेली, तिनेही दोन खाल्ल्या आणि "काळी शे, पन गोड शे" असं प्रशस्तिपत्र दिलं.

मुखवटे करणाऱ्याचं नाव काळूबाबा. त्यांच्या अंगणात शिरलो आणि मी जागीच थांबलो. छपराच्या वाशांना ओळीने मुखवटे टांगलेले. दहा तोंडांचा रावण, गणपती, नरसिंह, जीभ बाहेर काढलेली देवी. काही नुसतं कोरं लाकूड, काहींचा एकच गाल रंगवलेला. मी तोवर गाडीची चाकं, औतं, पाभरी आणि फार तर एखादा पाळणा केलेला माणूस. लाकडाला असा राग येतो, असं हसू येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. बालीच्या त्या म्हाताऱ्याचं आणि या म्हाताऱ्याचं कधी तोंड पाहणं झालं नाही, पण दोघांची जात एक.

काळूबाबांची घरची बोली वेगळी. आमच्याशी ते बाजारातली मराठी बोलत, सावकाश, शब्द मोजून. त्यांनी मूर्ती मांडीवर घेतली. बोटाच्या पेराने शेंदरावर टकटक केलं. पंख निखळला होता तिथल्या भेगेत डोळा घालून पाहिलं. मग मायकडे वळले.

"हा मारुती नाही, बाई. खाली हिरवा रंग आहे. खाली दुसरंच कोणी आहे."

माय ताडकन म्हणाली, "नऊ वरीस मी पूजा करस. माले नही समजत?"

काळूबाबांनी वाद घातला नाही. मूर्ती तिच्यासमोर पाटावर ठेवली आणि म्हणाले, "पंख बसेल. पण आधी हे सगळं उतरवावं लागेल, आणि ते मी करणार नाही. आमच्याकडे रीत आहे. ज्या घरचं सोंग, त्या घरच्यानेच जुना रंग खरवडायचा. दुसऱ्याने हात लावला तर देवाला सोलल्यासारखं होतं. ज्याने चढवलं त्यानेच उतरवावं. हे कुणी चढवलं?"

मायने पदर डोक्यावर ओढला आणि पाठ फिरवून बसली. "मी उतारू? शनवारना शेंदूर मी उतारू?"

आम्ही इतकं अंतर तोडून आलो ते सगळं या एका बाईच्या हो-नाहीवर येऊन थांबलं. तिच्या नाहीचा अर्थ तापी. मी भाऊकडे पाहिलं. तो उठला, वळसा घालून तिच्या समोर गेला आणि पलटणीतला तो सहा फुटी गडी तिच्यापुढे उकिडवा बसला.

"माय, हाऊ मारुती नही शे. गरुड शे. खांदावर विष्णू शे."

"तुले कोनी सांगं?"

"ज्यानी घडा त्यानी."

"तुले माहीत व्हतं? कव्हापासून?"

"पहिलेपासून."

"मंग बोलना का नही रे?"

"मी पलटणीत असताना तू याच्यासमोर रोज माझ्यासाठी डोकं टेकवायचीस, असं शेजारच्या बायांनी मला सांगितलं," भाऊ म्हणाला. बोली सुटून त्याच्या तोंडी आता पलटणीतली शुद्ध मराठी आली होती. जड बोलायचं असलं की त्याचं असं व्हायचं. "मग मी काय तोंडाने सांगू की तू चुकीच्या देवाला हाक मारत होतीस? मी तर जिवंत परत आलो होतो."

त्यानंतर त्याने त्या बालीच्या सुताराला दिलेला शब्दही सांगितला. रंग म्हणजे देवाचे कपडे, हे सांगितलं. माय ऐकत होती. तिने नाक पुसलं आणि काळूबाबांना विचारलं, "तेल शे का, बाबा? कोमट करा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत माय उन्हात बसून होती. कोमट तेलाचं फडकं शेंदरावर दाबून धरायची, मग बांबूची चपटी काडी कडेने सरकवायची. काळूबाबा दोन हात अंतरावर बसून नुसते सांगत होते. पहिला पापुद्रा सुटला तो गरुडाच्या छातीवरचा. जाड भाकरीच्या तुकड्याएवढा. त्याच्याखाली लाल. साधा लाल नाही, डाळिंबाच्या दाण्यासारखा. मग हिरवा. मग सोनेरी कड. शेवटी तिने खांद्यावरचा उंचवटा सोडवला आणि आतून करंगळीएवढं एक शांत तोंड बाहेर आलं, मुकुट घातलेलं, ओठांवर हसू.

मायने ते तोंड पदराच्या टोकाने पुसलं. मग म्हणाली, "नऊ वरीस मी चाकरना पाय धरात, आन धनी त्याना खांदावर बठेल व्हता!" आणि हसली. घर सोडल्यापासून पहिल्यांदा हसली.

काळूबाबांनी मूर्ती उलटीपालटी केली आणि डाव्या पंखाच्या बुडाशी नख लावलं. भुसा पडला. कीड होती. पण फक्त तेवढ्याच जागी. बाकी लाकूड खणखणीत. आमची देवळी कोपऱ्यातली, मूर्तीची डावी बाजू भिंतीला चिकटलेली. तिथे मायचा हात कधी पोचत नव्हता.

"बाई," काळूबाबा म्हणाले, "तुझ्या तेलानंच याला राखलं. जिथं तुझा हात पोचला नाही, तिथंच कीड पोचली."

हे ऐकल्यावर माय जी ताठ बसली, ती परतीच्या वाटेवरही तशीच ताठ होती. चूक म्हणावी तर चूक, पण चुकीनेच देव वाचला. आणि भाऊचा चेहरा? सात वर्षांचं ओझं उतरलेला बैल कसा मान हलवतो, तसा तो अंगणभर फिरत होता.

राहिला पंख. जुन्याच्या आत तर नुसता भुसा होता. मला वाटलं काळूबाबा करतील. ते म्हणाले, "मी रंग देईन. पंख तू कर. तू सुतार ना? घरचा माणूस असताना परक्याने का करावा?" मी म्हटलं, बाबा, मी चाकं करतो. "चाक फिरतं, पंख उडतो. लाकूड तेच," असं म्हणून त्यांनी सागाचा एक वाळका तुकडा आणि बारीक पटाशी माझ्यापुढे टाकली.

उजव्या पंखाची वेलबुट्टी पाहून मी दोन तुकडे फुकट घालवले. नागमोडी, आत आत वळत जाणारी नक्षी. माझ्या हाताला ती येईना. तिसऱ्या दिवशी हात टेकून बसलो होतो तेव्हा वर एक घार फिरत होती. पंख न हलवता, टोकाची पिसं बोटांसारखी फाकवून. म्हटलं, गरुड मी पाहिलेला नाही, घार रोज पाहतो. तिसरा तुकडा घेतला आणि जे डोळ्याला दिसत होतं ते कोरलं. काळूबाबांनी पंख हातात घेऊन उन्हात धरला. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "हा उडेल."

बाजारातल्या रंगाच्या पुड्या डिंकाच्या पाण्यात कालवून काळूबाबांनी रंग करून दिले. सोनेरी काही मिळाला नाही, पिवळाच भरला. पण कुंचला भाऊच्या हातात होता. नवा पंख आणि जिथे जिथे जुना रंग उडाला होता ती प्रत्येक जागा त्याने स्वतः भरली. सुरबायाला हो म्हटलं होतं, ते पिंपळनेरच्या डोंगरात पुरं झालं. काळूबाबांनी मोबदला म्हणून केळीचा घड ठेवून घेतला. तोही भोवाड्याच्या देवांपुढे ठेवायला. आम्ही आग्रह केला तर म्हणाले, "एवढा लांबचा देव माझ्या अंगणात येऊन बसला. आता मी काय घेऊ?"

परतीची वाट तीच, फक्त या वेळी डब्यात कुणी विचारलं की माय कापूस बाजूला करून सगळ्यांना दाखवायची. "गरुड शे. समुद्रपारथीन येल शे. मना पोऱ्यानी लया, आन मना दुसरा पोऱ्यानी पंख करा." चाळीसगाव ते जळगाव हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच बाकाखाली काहीतरी शोधत बसलो.

सोललेला शेंदूर तिने लाल फडक्यात बांधून आणला होता. तापीत नाव मधोमध आली तेव्हा नावाड्याला थांबायला सांगितलं. ती पुरचुंडी कपाळाला लावली आणि पाण्यावर ठेवली, टाकली नाही. "जाय रे बा," म्हणाली. "तूबी खोटा नही व्हता."

पुनव होती. लोटनआबा संध्याकाळी चार माणसं घेऊन ओसरीवर आले. देवळीत पाहिलं आणि टोपी सरळ करायला वर नेलेला हात तसाच राहिला. लाल, हिरवा, निळा, दिव्यात झळकणारा.

"हाऊ कोन शे, वहिनी? मारुती कोठे गया?"

मायने धनी आणि चाकराचं सगळं सांगितलं. नऊ वर्षं चुकले, हेही न लाजता सांगितलं. लोटनआबांनी जवळ जाऊन डाव्या पंखावर बोट फिरवलं. सांधा शोधत होते. सापडला नाही. "पंख कोनी करा?"

"नामानी."

"हाई तं घारना पंख शे."

"हा."

ते माझ्याकडे वळले. यांनी एकदा खंडित म्हटलं की संपलं. ते म्हणाले, "नाम्या, मनी गाडीनं चाक तं वाकडं करं तू. पंख मातर सरळ करा!" आणि टोपी काढून देवळीपुढे वाकले. त्यांच्या मागे ती चार माणसं वाकली. मग नारळ फुटला तो लोटनआबांनीच आणलेला होता. पदराआड लपवल्यासारखा उपरण्याखाली घेऊन आले होते. म्हणजे येतानाच त्यांनी अर्धं ठरवलं होतं.

त्यानंतर शनिवारी तेल थांबलं नाही. फक्त शेंदूर गेला. माय एका लांब काडीला कापूस गुंडाळून मूर्तीच्या मागे, भिंतीकडच्या बाजूलाही तेलाचा बोळा फिरवायची. जिथे हात पोचत नाही तिथे आधी. माय गेल्यावरही ती काडी आमच्या घरात तशीच खुंटीवर आहे.

भाऊने दर काही वर्षांनी रंग भरला, शेवटपर्यंत. तो गेल्यावर मी भरत आलो. एवढ्या लांबचे प्रवास लोक करतात, परदेशी जातात, बालीही आता विमानाने गाठता येतं म्हणतात. पण मी आयुष्यात जो एक प्रवास केला त्यातून इतकं घरी आलं की दुसरा करायची गरजच वाटली नाही. देवळीतला एक पंख दुसऱ्या देशातला आणि एक आमच्या आभाळातला, आणि दोन्हींवर तो एकच धनी बसलेला. मी केलेल्या गाड्या मोडून सरपणात गेल्या. पंख आहे.

आता त्या हाताचं. फोटो मोठा करून पाहाल तर छातीवरचा लाल फिका पडलेला दिसेल. या हिवाळ्यात रंग भरायला हवा. माझ्या हाताने कुंचला धरला तर विष्णूच्या ओठांवरचं हसू गालावर जाईल. काळूबाबांची रीत तुम्हाला ठाऊक झाली, आपल्या घरचं काम परक्याने करायचं नाही. भास्करा, भाऊचा मुलगा तू, आणि डोळे आता नवे झालेत. म्हणून सुरुवातीलाच विचारलं. सुनंदा, कुसुम, तुम्हीही याच घरच्या लेकी. सुनंदा, तुझा हात रांगोळीचा. गुडघा दुखत असेल तर ओसरीवर खुर्ची टाकून देतो. कुसुम, तुला तेलाची काडी. रंग मी कालवून ठेवतो, तेवढं मला अजून जमतं.

कोण कोण येतंय आणि कधी येतंय, ते दोन ओळीत लगेच कळवा. भाऊचा शब्द दिलेला आहे, आणि देवाचे कपडे फिके पडलेत. उत्तर लवकर लिहा.